फोर-के, पीएमपीओ, मेगापिक्सेल: बॉक्सवरचे हे आकडे नेमके कशाचे असतात?

दसरा-दिवाळीच्या ऑफर सुरू झाल्या की शॉपिंग अ‍ॅपवर एकाच टीव्हीला फोर-के, एचडीआर, मोशन रेट १२०, शंभर कोटी रंग अशी पाच-सात बिरुदं लागलेली दिसतात. स्पीकरवर ५००० वॉट लिहिलेलं असतं, फोनवर १०८ मेगापिक्सेल. आकडा मोठा, ईएमआय छोटा, आणि वस्तू कार्टमध्ये जाते.

यातले बरेचसे आकडे धादांत खोटे नसतात. गडबड वेगळीच असते. आपल्याला जाणून घ्यायचं असतं की पडद्यावर चित्र किती स्पष्ट दिसेल. बॉक्सवरचा आकडा मात्र सांगत असतो की आत येणारा सिग्नल केवढा चालेल. या दोन्हींमधला फरक घरी गेल्यावर कळतो, आणि तोपर्यंत बॉक्स फाडलेला असतो.

टीव्ही, स्पीकर, इअरबड्स आणि कॅमेरा घेताना हमखास समोर येणारे शब्द आणि त्यांचे अर्थ इथे सोप्या भाषेत समजून घेऊया.

आधी आकड्याच्या शेजारचा शब्द वाचा

आकड्यापेक्षा त्याच्या मागेपुढे चिकटलेला शब्द जास्त माहिती देतो. असे तीन प्रकारचे शब्द लक्षात ठेवा.

सपोर्ट: ती वस्तू तो सिग्नल स्वीकारते, एवढाच याचा अर्थ. तो तसाच्या तसा दाखवेल किंवा ऐकवेल, असं नाही.

अप टू: म्हणजे जास्तीत जास्त. हा आकडा सर्वांत अनुकूल परिस्थितीतला असतो, कधी कधी तर क्षणभराचा.

व्हर्च्युअल, इक्विव्हॅलंट, एन्हान्स्ड: मूळ यंत्रात ती क्षमता नाही, सॉफ्टवेअरने तसा परिणाम साधलेला आहे.

याउलट नेटिव्ह, ऑप्टिकल, आरएमएस, मिनिमम हे शब्द दिसले तर तो आकडा सहसा यंत्राच्या खऱ्या क्षमतेबद्दल बोलत असतो.

टीव्ही आणि प्रोजेक्टर

इंच

टीव्हीचा आकार एका कोपऱ्यापासून समोरच्या तिरक्या कोपऱ्यापर्यंत मोजतात. त्यामुळे ४३ इंचाचा टीव्ही ४३ इंच रुंद नसतो. १६:९ या नेहमीच्या प्रमाणात त्याचा पडदा साधारण साडेसदतीस इंच रुंद भरतो, आणि ५५ इंचाच्या टीव्हीचा साधारण ४८ इंच. टीव्ही युनिटचं माप घेताना हा हिशोब उपयोगी पडतो.

रिझोल्यूशन: एचडी रेडी, फुल एचडी, फोर-के

पडद्यावर प्रकाशाचे किती ठिपके आहेत, हे रिझोल्यूशन सांगतं. या ठिपक्यांना पिक्सेल म्हणतात. आपल्याकडे मिळणाऱ्या ३२ इंची 'एचडी रेडी' टीव्हींमध्ये बहुधा १३६६ × ७६८ ठिपके असतात. फुल एचडीमध्ये १९२० × १०८०, म्हणजे सुमारे २१ लाख. फोर-के टीव्हीत ३८४० × २१६०, म्हणजे सुमारे ८३ लाख.

'एचडी रेडी' या नावातच सपोर्टचा खेळ आहे. हा टीव्ही फुल एचडी सिग्नल घेतो, पण तो आकसून आपल्या कमी ठिपक्यांत बसवतो.

मग फोर-केच घ्यायचा का? ते तुम्ही किती लांब बसता यावर आहे. नजर चांगली असली तरी ४३ इंची फुल एचडी टीव्हीचे ठिपके साधारण साडेपाच फुटांच्या पुढून वेगळे ओळखता येत नाहीत. ५५ इंची टीव्हीसाठी हे अंतर साधारण सात फूट आहे. सोफा त्याहून बराच मागे असेल तर फक्त फोर-केसाठी जास्त पैसे मोजून डोळ्यांना विशेष फरक जाणवणार नाही. तोच पैसा चांगल्या पॅनलवर घातला तर तो दिसतो.

एलईडी, क्यूएलईडी, ओएलईडी

नावं सारखी वाटतात, पण यातले पहिले दोन एका घरातले आणि तिसरा वेगळ्या घरातला.

'एलईडी टीव्ही' म्हणजे खरं तर एलसीडी टीव्हीच. पुढे एलसीडीचा पडदा आणि मागे एलईडी दिवे. क्यूएलईडीमध्येही मागे दिवेच असतात, फक्त मध्ये क्वांटम डॉट्सचा थर असतो. क्वांटम डॉट म्हणजे काही नॅनोमीटरचा कण. त्याचा आकार बदलला की त्यातून निघणाऱ्या प्रकाशाचा रंग बदलतो. यामुळे रंग जास्त शुद्ध दिसतात. या कणांच्या शोधासाठी आणि ते तयार करण्याच्या पद्धतीसाठी २०२३ चं रसायनशास्त्राचं नोबेल देण्यात आलं.

ओएलईडीमध्ये मागे दिवे नसतात. प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो आणि स्वतः विझतो. म्हणून काळा रंग खरोखर काळा दिसतो, राखाडी नाही. मात्र एकच चित्र, उदाहरणार्थ बातम्यांच्या चॅनेलचा लोगो, रोज तासन्‌तास राहिलं तर त्याचा पुसट ठसा उमटण्याची शक्यता असते. त्याला बर्न-इन म्हणतात. घरात दिवसभर एकच चॅनेल चालू असेल तर याचा विचार करा.

एचडीआर आणि निट्स

एकाच चित्रात ढगाची चमक आणि झाडाखालची सावली, दोन्हींचे बारकावे दिसावेत, यासाठी एचडीआर आहे. एचडीआर १० मध्ये उजेडाबद्दलची सूचना पूर्ण चित्रपटासाठी एकदाच दिलेली असते. एचडीआर १० प्लस आणि डॉल्बी व्हिजनमध्ये ती दृश्यागणिक बदलता येते.

पण हा उजेड दाखवायचा तर टीव्हीत ताकद हवी, आणि ती मोजतात निट्समध्ये. बरेचसे एचडीआर चित्रपट १००० निट्स किंवा त्याहून जास्त उजेड गृहीत धरून तयार केले जातात. स्वस्त टीव्ही अनेकदा ३०० निट्सच्या आसपास थांबतात. अशा टीव्हीवर 'एचडीआर सपोर्ट' लिहिलेलं असतं आणि ते खरंही असतं. टीव्ही ती सूचना वाचतो, पण त्याला ती पाळता येत नाही. म्हणूनच काही घरांत एचडीआर चित्रपट उलट अंधारलेला दिसतो.

'शंभर कोटी रंग' हा आकडा १०-बिट पॅनलचा आहे. लाल, हिरवा आणि निळा या प्रत्येकाच्या १०२४ छटा धरल्या की मिळून सुमारे १०७ कोटी रंग होतात. ८-बिट पॅनलमध्ये प्रत्येकाच्या २५६ छटा, म्हणजे सुमारे १ कोटी ६७ लाख रंग. काही टीव्ही ८-बिट पॅनलवर छटा भराभर बदलून १०-बिटचा भास निर्माण करतात आणि जाहिरातीत शंभर कोटींचाच आकडा देतात.

हर्ट्झ आणि मोशन रेट

पडदा एका सेकंदात किती वेळा नवं चित्र दाखवतो, हे रिफ्रेश रेट सांगतो. बहुतेक टीव्ही ६० हर्ट्झचे असतात, महागडे १२० किंवा त्याहून जास्त. 'मोशन रेट' ही मात्र प्रत्येक कंपनीची स्वतःची संज्ञा आहे. मोशन रेट १२० लिहिलेला टीव्ही प्रत्यक्षात ६० हर्ट्झचा असू शकतो. दुकानात एकच प्रश्न विचारा: पॅनलचा नेटिव्ह रिफ्रेश रेट किती?

गेमिंग करणाऱ्यांना १२० हर्ट्झचा खरा फायदा होतो. चित्रपट मात्र सेकंदाला २४ चित्रांवरच चित्रित केलेले असतात. टीव्ही मधली चित्रं स्वतः तयार करून घालतो तेव्हा चित्रपट दैनंदिन मालिकेसारखा गुळगुळीत दिसू लागतो. हे इतकं खटकतं की २०१८ मध्ये अभिनेता टॉम क्रूझ आणि दिग्दर्शक ख्रिस्तोफर मॅक्वारी यांनी व्हिडिओ काढून लोकांना ही सेटिंग बंद करायला सांगितलं होतं. तुमच्या टीव्हीतही ती सुरू असेल. पिक्चर सेटिंग्जमध्ये 'मोशन' नावाने सुरू होणारे पर्याय शोधा.

एचडीएमआय, एआरसी, ईएआरसी

एचडीएमआय ही चित्र आणि आवाज एकाच केबलमधून नेणारी जोडणी. तिच्या २.१ आवृत्तीतली अनेक वैशिष्ट्यं ऐच्छिक आहेत. त्यामुळे 'एचडीएमआय २.१' लिहिलं म्हणजे फोर-के १२० हर्ट्झवर चालेलच, असं नाही. गेमिंग कन्सोल जोडणार असाल तर ते वेगळं विचारावं लागतं.

साउंडबार घेणाऱ्यांसाठी एआरसी महत्त्वाचं. यामुळे टीव्हीचा आवाज त्याच केबलमधून साउंडबारकडे परत जातो. टीव्हीवरच्या सगळ्या एचडीएमआय पोर्टना ही सोय नसते. ज्या पोर्टवर एआरसी लिहिलंय तिथेच केबल लावा. ईएआरसी ही त्याची मोठी आवृत्ती, ब्ल्यू-रेमधला न आकसलेला आवाज नेण्यासाठी. फक्त ओटीटी बघणाऱ्यांचं काम साध्या एआरसीवरही भागतं.

प्रोजेक्टर: इथे सर्वांत जास्त सांभाळा

स्वस्त प्रोजेक्टरच्या जाहिरातीत 'फोर-के सपोर्ट' ठळक असतं आणि नेटिव्ह रिझोल्यूशन खाली बारीक अक्षरात. ते ८५४ × ४८० असेल तर भिंतीवर फक्त ४ लाख ठिपके पडणार, म्हणजे फोर-केच्या विसाव्या भागाएवढे. उजेडाचंही तेच. नुसतं 'लुमेन' लिहिलं असेल तर तो आकडा कसा मोजला, हे कळायला मार्ग नाही. 'अ‍ॅन्सी लुमेन' लिहिलं असेल तर पडद्यावरच्या नऊ जागी मोजून काढलेली ती सरासरी असते. तुलना याच आकड्याची करा.

स्पीकर, साउंडबार आणि इअरबड्स

आरएमएस आणि पीएमपीओ

पीएमपीओ म्हणजे क्षणभरासाठी मिळू शकणारी कमाल शक्ती, कागदावरची. ती कशी मोजायची याचा कोणताही सर्वमान्य नियम नाही, म्हणून आकडा कितीही फुगवता येतो. आरएमएस म्हणजे स्पीकर सतत देऊ शकतो ती शक्ती. अमेरिकेत अशा फुगवलेल्या आकड्यांना आळा घालण्यासाठी १९७४ मध्येच फेडरल ट्रेड कमिशनने अ‍ॅम्प्लिफायरच्या वॉटबद्दल नियम केला होता.

बॉक्सवरचा दावा घरीच तपासता येतो. स्पीकरच्या अ‍ॅडॅप्टरवर व्होल्ट आणि अँपिअर लिहिलेले असतात. त्यांचा गुणाकार करा. १२ व्होल्ट आणि २ अँपिअर असतील तर आत जाणारी वीज २४ वॉट. २४ वॉट घेणारा स्पीकर सतत ५००० वॉट देऊ शकत नाही. कॉम्प्युटरच्या साध्या यूएसबी २.० पोर्टवर चालणाऱ्या स्पीकरला तर नियमाप्रमाणे ५ व्होल्टवर अर्धा अँपिअर, म्हणजे अडीच वॉटच मिळतात. बॅटरीवर चालणाऱ्या स्पीकरसाठी हा हिशोब थोडा बदलतो, कारण साठवलेली वीज तो चार्जिंगपेक्षा वेगाने वापरू शकतो. पण तिथेही हजारोंचा पल्ला गाठला जात नाही.

डेसिबल

वॉट दुप्पट झाले की आवाज दुप्पट होतो, असा समज असतो. तसं होत नाही. दुप्पट वॉटने आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो. कानाला साधारण दुप्पट वाटायला १० डेसिबल लागतात, आणि त्यासाठी शक्ती दहापट करावी लागते. म्हणून ५० आणि ६० वॉटच्या स्पीकरमध्ये केवळ आकड्यावरून निवड करण्यात अर्थ नाही.

डेसिबलचा संबंध कानाच्या आरोग्याशीही आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार मोठ्या माणसांनी ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंतच ऐकावा. त्यावर प्रत्येक ३ डेसिबलला ही वेळ निम्मी होते. बऱ्याच फोनमध्ये हेडफोनच्या आवाजाची पातळी दिसते, ती अधूनमधून बघत जा.

२.१, ५.१, ५.१.२

पहिला आकडा कानाच्या पातळीवरच्या स्पीकरचा, दुसरा सबवूफरचा म्हणजे खर्जाच्या आवाजाच्या स्पीकरचा, तिसरा वरून आवाज देणाऱ्या स्पीकरचा. डॉल्बी अ‍ॅटमॉस २०१२ मध्ये 'ब्रेव्ह' या चित्रपटापासून थिएटरमध्ये आलं. त्यात आवाज ठरावीक स्पीकरला बांधलेला नसतो. हेलिकॉप्टरचा आवाज खोलीत कुठून कुठे जायचा, हे नोंदवलेलं असतं. साउंडबारवर अ‍ॅटमॉस लिहिलंय पण आकडा २.० किंवा २.१ एवढाच आहे, तर वरचा आवाज व्हर्च्युअल आहे असं समजा.

ब्लूटूथ कोडेक

ब्लूटूथवरून गाणं पाठवताना ते आकसावं लागतं. ही आकसण्याची पद्धत म्हणजे कोडेक. एसबीसी सगळ्या ब्लूटूथ हेडफोनमध्ये असतोच. एएसी, एपीटीएक्स आणि एलडीएसी हे पुढचे प्रकार. एलडीएसी सेकंदाला जास्तीत जास्त ९९० किलोबिट नेतो. सीडीमधल्या आवाजाला १४११ किलोबिट लागतात.

मुख्य मुद्दा असा की कोडेक फोन आणि इअरबड्स दोघांतही असावा लागतो. आयफोनमध्ये एलडीएसी नाही. त्यामुळे आयफोन वापरणाऱ्याने फक्त एलडीएसीसाठी महाग इअरबड्स घेतले तर ते पैसे वायाच.

एएनसी आणि ईएनसी

एका अक्षराचा फरक आहे आणि फसगत इथेच जास्त होते. एएनसी तुमच्या कानासाठी असतं. बाहेरच्या आवाजाच्या बरोबर उलटी लहर तयार करून ते लोकलची घरघर, पंख्याचा किंवा एसीचा आवाज कमी करतं. ईएनसी तुमच्या माइकसाठी असतं. कॉलवर पलीकडच्या व्यक्तीला तुमच्या मागचा गोंगाट कमी ऐकू येतो. स्वस्त इअरबड्सवर 'नॉइज कॅन्सलेशन' लिहून बारीक अक्षरात ईएनसी असेल, तर लोकलचा आवाज तुम्हाला तेवढाच ऐकू येणार.

कॅमेरा

मेगापिक्सेल

एक मेगापिक्सेल म्हणजे दहा लाख ठिपके. ए-फोर कागदावर चांगल्या दर्जाची प्रिंट काढायला ९ मेगापिक्सेलही लागत नाहीत. अख्खा फोर-के टीव्ही ८.३ मेगापिक्सेलचा असतो.

मग १०८ मेगापिक्सेल कशाला? अशा फोनमध्ये नेहमीच्या वापरात शेजारचे नऊ ठिपके मिळून एक केला जातो आणि १२ मेगापिक्सेलचा फोटो मिळतो. ५० मेगापिक्सेलच्या फोनमध्ये चाराचा एक होतो. याला पिक्सेल बिनिंग म्हणतात. यात फसवणूक नाही, कमी उजेडात याचा उपयोगच होतो. पण फक्त या आकड्यावरून फोटो चांगला येईल असं मानू नका. मागे चार कॅमेरे दिसत असतील तर त्यातले दोन २ मेगापिक्सेलचे मॅक्रो किंवा डेप्थ कॅमेरे आहेत का, हेही बघा. ते बहुधा संख्या भरण्यापुरतेच असतात.

सेन्सरचा आकार

फोटोचा दर्जा ठरवण्यात हा आकडा मोठा, आणि जाहिरातीत सर्वांत मागे. सेन्सर म्हणजे पावसात ठेवलेलं भांडं समजा. तोंड जितकं मोठं, तितकं पाणी जास्त. इथे पाण्याच्या जागी प्रकाश.

याचंही माप फसवं आहे. 'एक इंची' सेन्सर प्रत्यक्षात १३.२ × ८.८ मिलिमीटरचा असतो. त्याचा कर्ण १६ मिलिमीटर, तर एक इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर. हे माप जुन्या टीव्ही कॅमेऱ्यांतल्या काचेच्या नळीच्या बाहेरच्या व्यासावरून आलं आणि नळ्या गेल्या तरी तसंच राहिलं. तुलना करताना एवढं लक्षात ठेवा: १/३ इंचापेक्षा १/१.३ इंच मोठा. फुल फ्रेम कॅमेऱ्याचा सेन्सर ३६ × २४ मिलिमीटर असतो, म्हणजे एक इंची सेन्सरच्या सातपटीहून मोठा.

अ‍ॅपर्चर, शटर, आयएसओ

अ‍ॅपर्चर म्हणजे लेन्सचं उघडं तोंड. इथे आकडा लहान तितकं तोंड मोठं. एफ/१.८ ची लेन्स एफ/२.८ च्या जवळपास अडीचपट प्रकाश आत घेते. शटर स्पीड म्हणजे प्रकाश किती वेळ आत येऊ द्यायचा. पळणाऱ्या मुलाचा फोटो हलू नये तर १/५०० सेकंदासारखा छोटा वेळ लागतो. आयएसओ वाढवलं की फोटो उजळतो, पण आलेला प्रकाश वाढत नाही, म्हणून दाणे दिसू लागतात.

झूम आणि स्थिरता

ऑप्टिकल झूम लेन्समुळे मिळतो. डिजिटल झूम म्हणजे फोटोचा मधला तुकडा कापून ताणणं. ५० मेगापिक्सेलच्या फोटोवर दहापट डिजिटल झूम केला तर मूळचे फक्त अर्धा मेगापिक्सेल ठिपके उरतात. '१०० एक्स' लिहिलेलं दिसलं की त्यातला ऑप्टिकल किती, हे विचारा.

हात हलल्यावर ओआयएस लेन्स किंवा सेन्सर प्रत्यक्ष हलवून तोल सांभाळतं. ईआयएस सॉफ्टवेअरने चित्राच्या कडा कापून तेच साधतं. रात्रीच्या फोटोंसाठी ओआयएसच कामाचं.

मेमरी कार्ड

कार्डावरचा 'अप टू १७० एमबी' हा आकडा बहुधा वाचण्याचा वेग असतो. व्हिडिओ शूट करायला लिहिण्याचा किमान वेग लागतो. तो व्ही ३० अशा खुणेने दाखवतात, म्हणजे सेकंदाला किमान ३० मेगाबाइट. कॅमेऱ्याचे आकडे मात्र मेगाबिटमध्ये असतात. आठ बिटचा एक बाइट, म्हणून १०० मेगाबिटच्या व्हिडिओला साडेबारा मेगाबाइटचा वेग पुरतो.

वॉटरप्रूफ की वॉटर रेझिस्टंट?

आयपी ६८ मधला पहिला आकडा धुळीचा, दुसरा पाण्याचा. आयपी ६७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास. ८ म्हणजे त्याहून कठीण चाचणी, तिच्या अटी कंपनी सांगते. आयपीएक्स ४ म्हणजे फक्त शिंतोडे सहन होतील. एक्सचा अर्थ तो गुण जाहीर केलेला नाही.

ही चाचणी स्वच्छ, गोड्या पाण्यात होते. समुद्राचं खारं पाणी, क्लोरीन किंवा साबण यात धरलेले नसतात. पाण्यामुळे झालेलं नुकसान अनेक कंपन्या वॉरंटीत घेतही नाहीत. त्यामुळे अलिबागच्या किंवा गोव्याच्या किनाऱ्यावर या आकड्याच्या भरवशावर फोन पाण्यात घालू नका.

पैसे देण्याआधी आणि दिल्यानंतर

- जाहिरातीचं शीर्षक सोडा, खालचा स्पेसिफिकेशनचा तक्ता पूर्ण वाचा.
- टीव्हीसाठी नेटिव्ह रिझोल्यूशन, नेटिव्ह रिफ्रेश रेट आणि निट्स विचारा. स्पीकरसाठी आरएमएस. कॅमेऱ्यासाठी सेन्सरचा आकार, ओआयएस आणि ऑप्टिकल झूम.
- आकडा कुठेच दिलेला नसेल तर तो फारसा चांगला नाही असं धरून चाला.
- टीव्ही, मोबाइल, अ‍ॅडॅप्टर यांसारख्या वस्तूंवर भारतीय मानक ब्युरोचा 'आर' ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असतो. तो 'बीआयएस केअर' अ‍ॅपवर तपासता येतो. ही नोंदणी सुरक्षिततेची आहे, चित्र किंवा आवाज चांगला असल्याची हमी नाही.
- ऑनलाइन खरेदी करताना वस्तूच्या पानाचे स्क्रीनशॉट काढून ठेवा. पान नंतर बदलू शकतं.

ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार महत्त्वाची माहिती जाणूनबुजून लपवणारी जाहिरातही दिशाभूल करणारी ठरते. दावा एक आणि वस्तू वेगळी निघाली तर आधी विक्रेत्याकडे लेखी तक्रार करा. दाद लागली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर फोन करता येतो. तेव्हा बिल, स्क्रीनशॉट आणि बॉक्सवरचं लेबल हाताशी लागतं, म्हणून बॉक्स लगेच रद्दीत देऊ नका.